समुद्रापलीकडचा प्रश्न

फार पूर्वी डोंगराळ मुलखातल्या एका राजाने आपल्या पंडिताला समुद्रापलीकडे शिकायला पाठवले. सात वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याच्याजवळ तिकडच्या विद्वानांचा एक जाड ग्रंथ होता. कुठलाही खेळ पाहताना एक प्रश्न विचारावा, असे त्यात लिहिले होते: इथे बोलतो कोण आणि गप्प कोण बसतो? तिकडे धनिक लोक खेळ करवत आणि प्रजा मुकाट बसून पाहत असे. म्हणून ग्रंथाचा निष्कर्ष होता, की खेळ माणसांना मुके करतात.

राजाने विचारले, "आपल्या डोंगरातल्या गावात मुखवटे घालून सोंगे नाचवतात. त्यांचे काय?"

"तेच," पंडित म्हणाला. "बंद करावीत."

राजाने तसा हुकूम काढला. मुखवटे घडवणारा लहानू तीन दिवस चालत दरबारात आला.

"पंडितजी, आमची सोंगं पाहिलीत का तुम्ही?"

"पाहायची गरज नाही. ग्रंथात सगळे आहे."

"त्यात आमचं गाव आहे?"

पंडिताने ग्रंथ मिटला. त्याने राजाला तो हुकूम थोडे दिवस थांबवायला सांगितले आणि तो लहानूबरोबर गावाला गेला.

भर दुपारी सोंगे निघाली. राजाचे सोंग येताच गावकऱ्यांनी त्याला घेरले.

"घाटातली वाट खचलीय, कधी बांधणार?"

"तुमचा शिपाई आमच्या कोंबड्या उचलतो, ठाऊक आहे का?"

सोंग हात जोडत होते, लोक हसत होते. मुके कोणीच दिसत नव्हते. पंडित ओशाळला. ग्रंथ नदीत टाकून द्यावा, असे त्याच्या मनात आले.

पण ग्रंथातला तो प्रश्न त्याने या गावाला अजून विचारलाच नव्हता. त्याने पुन्हा नीट पाहिले. काठ्यांच्या कुडामागे बायका उभ्या होत्या. लहानूची बायको मंजुळा पुढेच होती. तिचे हात रंगाने माखले होते.

"मुखवटे तुम्ही रंगवता?" पंडिताने विचारले.

"सगळे मीच."

"मग सोंगाशी बोलत का नाही?"

"बायांनी बोलायची रीत नाही."

पंडिताने हे लहानूला सांगितले, तसा तो चिडला. "पुन्हा परक्यांचं शहाणपण?"

"प्रश्न परका आहे, लहानू. कुडामागची बाई तुझ्या घरची आहे."

लहानूने मंजुळाच्या रंगाने माखलेल्या हातांकडे पाहिले. मग तो पुढे झाला आणि त्याने कूड बाजूला सारला.

मंजुळा सोंगापुढे येऊन उभी राहिली. "पाणी आम्ही भरतो," ती म्हणाली. "मग विहीर कुठे खणायची, हे आम्हाला कोणी का विचारत नाही?"

मुखवट्याआडचा गडी गडबडला. हसणारेही गप्प झाले.

पंडिताने परत जाऊन हुकूम रद्द करवला. त्या वर्षी विहिरीची जागा गावातल्या बायकांनी दाखवली.

तात्पर्य: दूरच्या शहाण्यांकडून प्रश्न जरूर घ्यावा, उत्तर मात्र आपल्या गावात फिरून शोधावे.