तीन मेखा आणि सिंहांची शीव

एका राज्यात शिवेला दगड नव्हते, तट नव्हता, पहाराही नव्हता. तीन सिंहभाऊ जिथवर फिरत, तिथवर ते राज्य. झाडाझुडपांवर आपला वास सोडत, पहाटे गर्जना करत ते तिघे आपला मुलूख राखत, आणि राजाचा हुकूम त्यांच्या पावलांपाशी संपे. सिंह सरकले की राज्यही सरके. हसू नका, त्या मुलखात ही रीत इतकी जुनी होती की तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सिंहांच्या मागावर राहण्याचं काम येसूकडे होतं. तिच्या आईचंही तेच काम. मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून ती प्रत्येक सिंह ओळखी आणि दर पौर्णिमेला दरबारात येऊन शीव कुठे पोचली ते सांगे.

एका पौर्णिमेला ती म्हणाली, "महाराज, पूर्वेकडून चार तरुण सिंहभाऊ आले आहेत. आपले तिघे थकले. आता मुलूख चौघांचा होईल."

राजा वज्रकेतूचा त्या तिघांवर फार जीव. ज्या दिवशी तो गादीवर बसला, त्याच दिवशी त्यांनी हा मुलूख जिंकला होता. "माझे सिंह जाणार नाहीत," तो म्हणाला, आणि त्याने कपिलाक्ष जादूगाराला बोलावणं धाडलं.

कपिलाक्षाने तीन मेखा आणल्या. एक तांब्याची, एक रुप्याची, एक लोखंडाची.

"या ठोकल्या की आत काही बदलणार नाही," तो म्हणाला.

"तेच हवं आहे."

"काहीही बदलणार नाही, महाराज."

राजाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. राजेलोकांना ही खोड असतेच. दोन मेखा जादूगाराने कुठे ठोकल्या ते कुणी पाहिलं नाही. तिसरी राजाने डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतःच्या हाताने ठोकली. मग कपिलाक्ष बगळा होऊन उडून गेला.

त्या दिवसापासून विरजण लागेना. कैऱ्या पिकेनात. सिंहिणींचे छावे छावेच राहिले. तिघे म्हातारे त्याच वाटेने रोज फिरत राहिले आणि चौघे तरुण बाहेरच्या बाहेर घिरट्या घालत राहिले. येसूच्या पवळाला, तिच्या एकुलत्या एका लेकीला, तेव्हा सातवा महिना होता. तीन वर्षं गेली, तरी सातवाच होता.

"आई, हे बाळ पोटातच म्हातारं होणार का गं?" पवळाने विचारलं.

"म्हातारं तरी कुठे होतंय!" येसू म्हणाली. तिने लेकीच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. तिने काठी उचलली आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, मेखा उपटा."

"कुठे आहेत ते मलाच ठाऊक नाही."

"सिंहांना ठाऊक आहे. आपण माझ्याबरोबर चला."

राजाने मुकुट काढून ठेवला, पण जरीचे जोडे काही काढले नाहीत. पहिल्याच ओढ्यात एक जोडा वाहून गेला, तेव्हा त्याने दुसराही मुकाट्याने फेकून दिला.

येसू माग वाचत पुढे चालली. नदीच्या उताराजवळ तिघांचेही ठसे एका जागेला वळसा घालून गेले होते. तिथेच तांब्याची मेख होती. मेखेवर एक टिटवी बसली होती.

"तिघांतला राजा कोण ते सांगा, मगच उपटा," टिटवी म्हणाली.

"सर्वांत दाट आयाळीचा तो राजा," वज्रकेतू चटकन म्हणाला. मेख वीतभर आणखी खाली गेली.

"महाराज, आपण जरा गप्प राहा," येसू म्हणाली. "टिटवीबाई, त्यांच्यात राजा नाही. एक आखूड शेपटीचा, एक काळ्या आयाळीचा, एक फाटक्या कानाचा. तिघे मिळून मुलूख राखतात. एकटा कुणीच राखू शकत नाही."

मेख आपोआप बाहेर आली.

रुप्याची मेख एका गुहेत होती, हिऱ्यामाणकांच्या ढिगाखाली. ढिगाभोवती हात पुढे केलेले दगडी पुतळे उभे होते. "मेख काढा, पण खड्याला बोट लागलं तर दगड व्हाल," मागोमाग उडत आलेली टिटवी म्हणाली. येसूने ढिगाकडे पाहिलंच नाही. जन्मभर तिची नजर जमिनीवर. सिंह ज्या बाजूने वळले होते, तिथली माती तिने काठीने उकरली, खालून हात घातला आणि मेख ओढून काढली. पुतळे माणसं होऊन डोळे चोळत घरी गेले.

लोखंडाची मेख पूर्वेच्या माळावर होती. इथे टिटवी हळू आवाजात बोलली. "ही ठोकणाऱ्यानेच उपटायची. पण येसू, ही निघाली की अडलेली तीन वर्षं एका दिवसात परत येतील. तुझं घर तीन दिवसांच्या वाटेवर. तुझं नातवंड तू पोचायच्या आधी जन्मेल, रांगेल, चालूही लागेल."

त्या बाळाला आपल्या हातांनी पहिली अंघोळ घालायची, एवढीच आस येसूने तीन वर्षं धरली होती.

"तू आधी घरी जा," राजा म्हणाला. "मी इथे थांबतो."

येसूने माळावरचे ठसे पाहिले. चौघा तरुणांची पावलं परत पूर्वेकडे वळू लागली होती. ते कंटाळले होते. ते गेले, तर या मुलखाला राखणदार उरणार नव्हता. आणि घर गाठायलाच तीन दिवस. पवळाचे ते पाय तिच्या डोळ्यांपुढे आले.

"माझ्या लेकीने आणखी एक दिवसही काढायचा नाही," ती म्हणाली. "उपटा."

राजाने जोर लावला. मेख हलेना. तेवढ्यात तिघे म्हातारे रोजच्यासारखे तिथे आले. फाटक्या कानाचा लंगडत होता. तिघांच्याही बरगड्या दिसत होत्या. राजाने त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"मी तुम्हाला फार थकवलं," तो म्हणाला आणि रडला. "जा, बाबांनो."

मेख लोण्यातून निघावी तशी निघाली.

राजाची दाढी छातीवर आली. कैऱ्या पिकून धडाधड गळाल्या. छाव्यांची अंगं लांबली, त्यांना आयाळी फुटल्या, आणि त्यातले तिघे भाऊ आईला अंग घासून नव्या मुलखाच्या शोधात निघून गेले. म्हातारे तिघे एकमेकांना खेटून पश्चिमेकडे गेले. चौघे तरुण आत आले आणि त्यांनी गर्जना केली. येसूने कान देऊन अंदाज घेतला.

"महाराज, राजवाडा शिवेबाहेर पडला."

"मग मी राहू कुठे?"

"आमच्या गावात एक गोठा रिकामा आहे. वाडा बांधून होईपर्यंत चालेल."

राजा अनवाणी तिच्या मागे निघाला. तीन दिवसांनी दोघे गावात पोचले.

घराच्या उंबऱ्यावर पावणेतीन वर्षांची एक मुलगी उभी होती.

"कोण तू?" मुलीने विचारलं.

"मी तुझी आजी."

"कुठे होतीस?"

"सिंहांच्या मागे."

आतून पवळा हसत, डोळे पुसत बाहेर आली. "आई, सकाळी झाली, दुपारी दात आले, दिवेलागणीला अंगणात पळत होती. पाळणासुद्धा बांधू दिला नाही बघ. अंघोळ मात्र मी अजून घातलेली नाही. तुझ्यासाठी थांबले."

येसूने काठी भिंतीला टेकवली. पोरीने तिच्याकडे हात पसरले. अंगभर धूळ, नाकाला शेंबूड. येसूने तिला उचललं आणि न्हाणीघराकडे निघाली. पोर चांगलीच जड होती.