खाली आणलेलं कडं

खूप जुन्या काळातली गोष्ट आहे. राज्य होतं, राजाही होता, पण तो लांब राहायचा. गावांची भांडणं गावांनीच मिटवावीत अशी तेव्हाची रीत.

एका डोंगराच्या उतारावर दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. मध्ये मोठं कुरण. त्याचं गवत कोणी कापायचं यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग जाणत्या माणसांनी ठरवलं, की डोकी फोडण्यापेक्षा खेळ बरा. दसरा सरला की पुनवेच्या दिवशी कुरणात दोन खांब रोवायचे. प्रत्येक खांबाला वेताचं एक कडं आडवं बांधायचं, आणि चिंध्या भरलेला कातडी चेंडू त्यातून टाकायचा. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा बसला आणि त्यानं हात ताणला, तर बोटं टेकतील एवढं ते कडं उंच. ज्या गावाचे चेंडू जास्त, त्याचं वर्षभराचं गवत.

खालच्या गावात हैबती नावाचा पोरगा होता. बांबूसारखा उंच, मिसरूड नुकतं फुटलेलं. घरी आई आणि एक म्हैस. एका वर्षी खेळता खेळता गावातल्या एका गड्याचा पाय मुरगळला, म्हणून हैबतीला आत घेतलं. त्यानं तीनदा चेंडू टाकला. तिन्ही कड्यातून गेले आणि कुरण खालच्या गावाला मिळालं.

झालं. तीन चेंडूंवर गावानं देव उभा केला.

बायका जात्यावर त्याच्या नावाच्या ओव्या म्हणू लागल्या. कुंभारानं हात वर केलेल्या मातीच्या बाहुल्या घडवल्या. न्हावी इतरांना ताटकळत ठेवून आधी त्याचे केस कापू लागला. हैबतीला हे आवडलं. का आवडू नये? त्या वयात कोणाला आवडलं नसतं?

पाहुणे येऊ लागले. कोणाचे व्याही, कोणाचा मामेसासरा. आले की पाटील त्यांना चावडीपुढं घेऊन जायचे. तिथं सरावाचा खांब होता.

"हैबती, टाक रे बाबा. पाहुणे लांबून आलेत."

हैबती टाकायचा. कधी चेंडू जायचा, कधी कडेला लागून बाहेर पडायचा. नव्या पोराचं जसं व्हावं तसंच होत होतं. पण एकदा पाटलांच्या लेकीच्या सासरचे आले आणि हैबतीचा एकही चेंडू जाईना. पाहुणे हसले नाहीत, नुसते एकमेकांकडे बघत राहिले. पाटलांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी हैबती रानात गेला असताना पाटलांनी सुताराला बोलावलं आणि कडं दोन बोटं खाली बांधून घेतलं.

"पोराचा हुरूप टिकला पाहिजे," पाटील म्हणाले. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

मग आणखी पाहुणे आले. कडं आणखी दोन बोटं उतरलं. होळीपर्यंत ते वीतभर खाली आलं होतं आणि पावसाळ्यात त्याहूनही खाली. हैबतीचे चेंडू आता सहसा चुकत नव्हते. पूर्वी उडी मारून त्याची बोटं कड्याला जेमतेम लागायची, आता मूठ बसायची.

"आई, मी वाढलो गं," तो एकदा म्हणाला.

"वाढणारच. माझ्या बापावर गेलायस."

आईलाही तेच खरं वाटलं.

गावातला जुना खेळाडू म्हणजे गोंदा. हैबतीच्या आधी सगळी भिस्त त्याच्यावर असायची. तो पाटलांकडे गेला. "मालक, कडं खाली गेलंय. पुनवेला कसं व्हायचं?"

"तुझं नाव मागं पडलं म्हणून बोलतोस, गोंदा."

"तसं समजा. पण पोराला सांगा तरी."

"सांगून त्याचा हात बिघडवू? गप बस. मिळेल तो चेंडू त्याच्याकडे टाकायचा, एवढंच तुमचं काम."

आणि गोंदा गप्प बसला. आपल्याला जळका म्हणतील याची त्याला भीती वाटली. सुतार गप्प, न्हावी गप्प. ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे गप्प.

भादव्यात दरवर्षी गाव बांधांवरचं गवत कापून ठेवायचं, कुरण हातचं गेलं तर असावं म्हणून. यंदा कोणी विळाच काढला नाही. हैबतीची आई मात्र विळा घेऊन निघाली, तेव्हा तिच्या लेकानंच तिला थांबवलं.

"कशाला हात कापून घेतेस? सगळं कुरण आणतो तुझ्या म्हशीला."

पुनव आली. दोन्ही गावं कुरणात जमली. खालच्या गावानं हैबतीला खांद्यावरून आणलं, गळ्यात झेंडूच्या माळा घालून.

खेळ सुरू झाला. गोंदानं पहिला चेंडू हैबतीकडे दिला. हैबतीनं टाकला. वर्षभर जिथं कडं होतं तिथून चेंडू अगदी नेमका गेला. पण कडं तिथं नव्हतं. ते वर होतं.

दुसरा टाकला. तोही खाली. तिसरा खांबावर आपटला.

"काय रे, तुमच्या देवाला नैवेद्य कमी पडला का?" वरच्या गावचा एक जण म्हणाला, आणि हशा पिकला.

मग हैबतीनं जोर लावला, तर चेंडू कड्यावरून पलीकडे गेला. घरच्या कड्यानं शिकवलेला हात त्याला आता मोडता येईना. बाकीच्यांना तर वर्षभर चेंडू टाकूच दिला नव्हता. खालचं गाव हरलं, आणि तेही वाईट हरलं.

सकाळी ज्यांनी माळा घातल्या होत्या त्यांनीच ढेकळं उचलली. "फुकट नाचवलं ह्याला." "शिंगं फुटली होती." एक ढेकूळ हैबतीच्या कानाला लागलं.

पाटील पुढं आले. "आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं होतं रे?"

हैबती खांबाखाली गेला आणि त्यानं उडी मारली. बोटं कड्याला जेमतेम लागली. गेल्या वर्षी लागायची तेवढीच. मग तो गोंदाकडे वळला.

"गोंदाभाऊ, चावडीपुढचं कडं किती खाली आहे?"

गोंदानं मान खाली घातली. "दीड वीत असेल."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं."

हैबतीचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. तो पाटलांना म्हणाला, "पाटील, मी मागितलं होतं का कडं खाली? मला चुकायचं होतं ते घरी चुकायचं होतं. तिथं चुकलो असतो, पुन्हा टाकला असता, पुन्हा चुकलो असतो. तुम्ही पाहुण्यांपुढं आपलं नाक राखलंत आणि माझं शिकायचं वर्ष खाऊन टाकलंत. आता ढेकळंही मलाच मारताय."

लोकांच्या हातातली ढेकळं हळूच खाली पडली.

ते वर्ष खालच्या गावाला जड गेलं. बांधावरचं गवत गुरांनी तुडवून संपवलं होतं. माणसं दरीत उतरून पाला तोडू लागली, पाटीलही डोक्यावर भारा घेऊन चढले. निम्मी गुरं सोयऱ्यांच्या गावी पाठवावी लागली. हैबतीच्या आईनं म्हशीचं दावं सोडून सोयऱ्याच्या हातात दिलं, तेव्हा ती लेकाला एका शब्दानं बोलली नाही. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

पण हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हैबतीनं चावडीपुढच्या खांबाशी गोंदाला खांद्यावर बसवलं. गोंदानं हात ताणून बोटं टेकली तिथं कडं घट्ट बांधलं. मग दोघं आळीपाळीनं चेंडू टाकू लागले. हैबती चुकला. पुन्हा चुकला. चावडीवर पाटील आणि चार माणसं बसली होती. कोणी वाहवा केली नाही, कोणी हसलंही नाही. एकानं बोलायला तोंड उघडलं, पाटलांनी हातानंच त्याला थांबवलं.

पुढच्या पुनवेला काय झालं, असं पोरं नेहमी विचारतात. खालचं गाव जिंकलं, पण एकाच चेंडूनं. गोंदाचे चेंडू जास्त होते. हैबतीनं बरेच टाकले, त्यांतले दोन गेले. त्या दोनांवर कोणी ओवी रचली नाही. संध्याकाळी हैबती सोयऱ्यांच्या गावी चालत गेला आणि आईची म्हैस घरी घेऊन आला.

तात्पर्य : ज्याचं कौतुक वाटतं त्याची परीक्षा सोपी करू नये, तसं करणं म्हणजे त्याचं शिकणं चोरणं.