वेशीखालचे दोघे

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुन्या, ते विचारू नका. तेव्हा कुत्र्यांना बोलता येत असे आणि माणसांना ते ऐकायला सवड असे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एक बाजाराचं गाव होतं. गावाला दगडी वेस होती आणि वेशीच्या कमानीखाली एक रुंद ओटा होता. त्या ओट्यावर दोघे राहत. एक काळा कुत्रा आणि एक म्हातारा माणूस.

कुत्रा नखशिखांत काळा. पांढरा केस शोधून सापडायचा नाही. आता शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी घातली की साडेसाती हलकी होते, असं म्हणतात. त्या गावात तर साडेसाती नसलेलं घर नव्हतं. ज्याला नसे, तो ती कधी लागेल या धास्तीने भाकरी आणायचा. त्यामुळे कुत्र्याचा मान मोठा. त्याला सगळे ‘काळोजी’ म्हणत, आणि तेही अहोजाहो करून. “काळोजी, घ्या. काळोजी, आमच्यावर नजर असू द्या.”

आणि माणूस? माणसाला कुणी काही म्हणत नसे.

कापडाचा व्यापारी वेस जवळ आली की उपरण्याचं टोक नाकाला लावायचा. पंतोजी जाता जाता हवेला उपदेश करायचे, “हातपाय धड आहेत, काहीतरी काम करावं माणसानं!” काम कुठे मिळेल हे विचारायला म्हातारा तोंड उघडेपर्यंत पंतोजींची शेंडीसुद्धा दिसत नसे. एखादी मायाळू बाई त्याच्यापुढे मूठभर फुटाणे टाकायची, पण तोंड दुसरीकडे करून. बाकीचे धोतर वर धरून त्याचे पाय ओलांडून जायचे.

रागावू नका हं त्यांच्यावर. गाव वाईट नव्हतं. मुंग्यांना साखर घालणारं, चिमण्यांसाठी पाणी ठेवणारं गाव ते. पण त्या माणसाकडे पाहिलं की छातीत काहीतरी अडकायचं. न पाहिलं की अडकत नसे. म्हणून ते पाहत नसत.

काळोजी मात्र मिळालेली भाकरी तोंडात धरून म्हाताऱ्याजवळ यायचा आणि अर्धी त्याच्या मांडीवर ठेवायचा. संध्याकाळी एकाच फाटक्या घोंगडीत दोघे गप्पा मारत बसायचे.

“आज सावकार आले होते,” काळोजी सांगायचा. “सुनेची जीभ आखूड होऊ दे म्हणाले.”

“आणि सून नाही आली?”

“ती सकाळीच येऊन गेली. सासऱ्याची आखूड होऊ दे म्हणाली.”

“मग तू काय केलंस?”

“मी दोघांच्याही भाकऱ्या खाल्ल्या. देव बघून घेईल.”

म्हातारा इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा. मग तो काळोजीच्या कानामागे बोटं घालून हळूहळू खाजवायचा, आणि काळोजीचे डोळे मिटायचे.

भाकरी आणणाऱ्यांत गावच्या पाटलीणबाई कधी चुकत नसत. त्यांचा एकुलता एक लेक घरात भांडून परमुलखात निघून गेला होता आणि त्याची काही खबर नव्हती. “माझा बाळ जिथे असेल तिथे सुखरूप राहू दे,” एवढंच त्या म्हणत, भाकरी ठेवत आणि डोळे पुसत परत जात. म्हाताऱ्याचे पाय ओलांडताना त्यांनाही कधी खाली पाहणं जमलं नव्हतं.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. म्हाताऱ्याला ताप भरला, खोकल्यानं छाती भरून आली. त्याला घास गिळवेना. तेव्हा काळोजीनंही भाकरीला तोंड लावायचं सोडलं.

झालं! गावात एकच गडबड उडाली. काळोजी जेवत नाहीत! शनिदेव कोपले! पंतोजींनी पंचांग उघडलं, सावकारांनी कपाळाला हात लावला. पुष्कळ खल करून सगळ्यांनी ठरवलं की काळोजींना थंडी बाधली आहे, तर ओट्यावर त्यांना घर बांधून द्यावं.

आणि खरंच, मोठ्या प्रेमानं बांधलं हो. भिंती कुडाच्या, वर गवताचं छप्पर, आत पेंढा, दाराला गोणपाटाचा पडदा, वर झेंडूचं तोरण. फक्त जागेची अडचण होती. ओट्यावर म्हातारा झोपलेला होता.

“ए बाबा, ऊठ जरा. सरक तिकडे,” सुतार म्हणाला. “इथं काळोजींचं घर होतंय.”

म्हातारा भिंतीला धरून उठला आणि वेशीबाहेर उघड्या माळावर एका बाभळीखाली जाऊन आडवा झाला. माळावर बोचरं वारं सुटलं होतं. काळोजीनं नवं घर एकदा हुंगलं, बाहेर पडलेली फाटकी घोंगडी दातांत धरली आणि फरफटत बाभळीकडे नेली.

शनिवारी दिवस मावळायच्या सुमाराला सगळं गाव भाकऱ्या घेऊन आलं. बघतात तर घर रिकामं! शोधत शोधत मंडळी बाभळीपाशी पोहोचली. म्हातारा डोळे मिटून पडला होता आणि काळोजी त्याच्या छातीला अंग घासून बसला होता.

“काळोजी,” पाटलीणबाई हात जोडून म्हणाल्या, “आमचं काही चुकलं का? घर आवडलं नाही?”

“घर छान आहे,” काळोजी म्हणाला. “पण मी उबेला झोपतो, बाई. माझी ऊब या म्हाताऱ्याच्या अंगात आहे. इथं असाच राहिला, तर ती उद्याची सकाळ बघायची नाही.”

व्यापाऱ्याचा हात सवयीनं उपरण्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

“तुम्ही मला इतक्या भाकऱ्या घातल्यात,” काळोजी पुढे म्हणाला. “पण माझ्या कानामागे गोचीड चिकटली होती, ती कुणाला दिसली? यानं बघितली, यानंच काढली. आणि पाटलीणबाई, तुम्ही दर शनिवारी मला सांगता, माझ्या बाळाला सुखरूप ठेवा. मी कुत्रा. मी कुठून ठेवू? परक्या गावात तोही असाच कुठल्या तरी वेशीखाली बसला असेल. आणि त्याच्यासारख्याच कुणा लेकाची आई त्याचे पाय ओलांडून काळ्या कुत्र्याला भाकरी घालायला जात असेल.”

पाटलीणबाईंच्या हातातली भाकरी खाली पडली. त्या मातीतच बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. छातीत जे अडकायचं ते आजही अडकलं, पण त्यांनी नजर काढली नाही. त्याचा तापलेला हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “बाबा, तुमचं नाव काय?”

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. ओठ हलवले. कुणी विचारून इतका काळ लोटला होता, की सांगण्याआधी त्याला ते आठवावं लागलं.

आणि मंडळी, आता तुम्ही खरं सांगा. कुत्र्याचं नाव काळोजी, हे तुम्हांला पहिल्यापासून ठाऊक आहे. या माणसाचं नाव काय, असं मला मध्ये कुणी विचारलंत? नाही ना? मग त्या गावाला फार हसू नका. आपणही त्याच वेशीतून आत आलो आहोत.

“येसबा,” तो म्हणाला. “येसबा म्हणत्यात मला, माय.”

पुढे सगळं झपाट्यानं झालं. व्यापाऱ्यानं अंगावरचं उपरणं काढून येसबाला गुंडाळलं. सुतारानं त्याला पाठीवर घेतलं. पंतोजी उपदेश विसरून काढ्यासाठी सुंठ आणायला धावले. धावताना त्यांना गावानं प्रथमच पाहिलं. काळोजीच्या घराचं दार मोठं केलं, एक भिंत पुढे सरकवली आणि दोघांना आत पेंढ्यावर निजवलं. पाटलीणबाई उशाशी शेगडी घेऊन बसल्या आणि त्याला चमच्याचमच्यानं पेज भरवत राहिल्या.

येसबा वाचला. ताप उतरला तेव्हा लोकांना कळलं की त्याचं गाव पुरात गेलं, घरही गेलं आणि घरातली माणसंही. तो दोरखंड वळण्यात पटाईत होता. काम करायला तो केव्हाही तयार होता. फक्त त्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. मग तो ओट्यावर बसून दोर वळू लागला. ज्या दिवशी तो पहिला घास जेवला, त्या दिवशी काळोजीनंही उपास सोडला, आणि तोही इतक्या मचमच आवाजात की पलीकडच्या आळीला कळलं.

पाटलीणबाईंचा लेक परत आला का? ते मला ठाऊक नाही. पण त्या रोज दिवेलागणीला वेशीत येत. नवा कुणी वाटसरू ओट्यावर टेकलेला दिसला, की त्याच्याजवळ बसून आधी नाव विचारत, मग पदराआडची भाकरी काढत. काळोजीला विचारलं तर तो म्हणे, “बाईंच्या लेकापर्यंत ती भाकरी पोहोचते की नाही, देव जाणे. पण पोहोचायची असली, तर वाट हीच.”

वाटेवर बसलेल्या माणसाकडे पाहावं, त्याला नाव विचारावं. भाकरी मग आपल्या पायांनी मागोमाग येते.