निजलेलं लाकूड

“आन हे लाकूड हाय म्हन्तोस तू?”

धुंडीनाथबाबांनी हातातलं काळं ढेकूळ उलटसुलट करून पाहिलं. बोटं काळी झाली, ती त्यांनी खुशाल आपल्या पांढऱ्या दाढीला पुसली.

“लाकूडच आहे, बाबा!” नीलकंठ म्हणाला. “आणि आपोआप पडलेलं.”

“हळू.”

बाबांनी ओसरीकडे बोट केलं. तिथे एक वाटसरू बहुरूपी कालपासून निजला होता. या मठात निजलेल्याला उठवत नसत. तो उठेपर्यंत आरतीची घंटा बंद, बोलणं कुजबुजीत, आणि त्याची भाकर टोपलीखाली झाकलेली.

नीलकंठने आवाज खाली आणला. पण ‘आपोआप पडलेलं’ हे वाक्य त्याने सकाळपासून मनात घोळवलं होतं आणि ते नीट बसलंय याचा त्याला आनंद झाला होता. नदीकाठच्या या मठाच्या धुनीला फक्त आपोआप पडलेलं लाकूड चालायचं. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, फांदी ओढायची नाही. झाडाने टाकलं तेवढंच धुनीचं. आणि धुनी आजवर कुणाच्याच हातून विझलेली नव्हती.

या थंडीत बाबांनी चिमटा नीलकंठच्या हाती दिला, तेव्हा एवढंच बजावलं होतं, “विझली, त घरी जाय.”

घरी जायची त्याला फार भीती वाटायची. नीलकंठ ठेंगणे हा भूगर्भशास्त्रज्ञ. वर्धेच्या खोऱ्यात जमिनीला भोकं पाडून कोळसा कुठे, किती खोल, हे सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. त्याने नकाशावर बोट ठेवावं आणि तिथे खाण व्हावी. मग केव्हातरी त्याची झोप उडाली. डोळा लागला की कानात ड्रिलची घरघर सुरू. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेवटी मठ झाला. झोप इथेही आली नव्हती. पण इथे जागं राहायला धुनीचं निमित्त तरी होतं.

“कवा पडलं म्हन्तोस?”

“सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षं झाली.”

बाबांनी मान डोलावली. परवाची गोष्ट ऐकावी तशी.

“हे बघा.” नीलकंठने ढेकळाला चिकटलेली राखी कपची पुढे केली. तिच्यावर एक पान उमटलं होतं. जिभेसारखं लांबट, मधोमध एक शीर, आणि तिथून कडेपर्यंत गेलेली बारीक जाळी. “हे झाड आता पृथ्वीवर कुठेच नाही. तेव्हा इथे सगळी दलदल. थंडीत पानं गळायची. झाडं पडायची, पाण्यात बुडून राहायची. त्यावर चिखल यायचा. चिखलावर वाळू. मग पुन्हा रान, पुन्हा चिखल...”

बोलता बोलता तो आपण बाबांना शिकवतोय हे विसरला. डोळ्यांपुढे ते रान उभं राहिलं. धुकं, काळं पाणी, आणि पाण्यावर हळूहळू उतरणारी पानं. कुठे किलबिल नाही. पक्षी अजून जन्मालाच यायचे होते.

“मंग?”

“मग काही नाही. खाली खाली जात राहिलं. अंधारात... उबेत...”

“निजलं.”

“निजलं म्हणा हवं तर.”

बाबांनी त्या पानावरून बोट फिरवलं. नीलकंठला वाटलं, जिंकलो.

“मग टाकू ना धुनीत? रानात काटकी उरली नाही, बाबा. खाणीवरून हे टोपलंभर आणलंय, बरेच दिवस जाईल.”

“पन उठवलं कोनं?”

ओसरीवर बहुरूपी झोपेत काहीतरी पुटपुटला आणि कुशीवर वळला.

“बरं, राहू द्या हे,” नीलकंठ घाईघाईने म्हणाला. “मग ऊन घेऊ. गावात सौर पंप बसलेत. मीही एक पॅनेल आणतो, त्याला विजेची शेगडी जोडतो. नाहीतरी हा कोळसा म्हणजे काय? त्या पानांनी पिऊन ठेवलेलं ऊनच. हे शिळं, ते ताजं. सूर्यापासून निघालं की आठ मिनिटांत इथे.”

“आठ मिनिटं!”

बाबांना ते फारच आवडलं. त्यांनी तळहात उन्हात धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले.

“आलं,” ते म्हणाले. “लय चांगलं हाय. तू आन ते पॅनेल. पन तिची भूक भागन का त्यानं?”

“कुणाची?”

बाबांनी हनुवटीने धुनी दाखवली.

नीलकंठने धुनी झकास पेटवली होती. कंबरेएवढ्या ज्वाळा. आपल्या हाती चिमटा आहे तोवर ती नदीपलीकडच्या गावातून दिसली पाहिजे, असा त्याचा हट्टच होता.

“येवढी कोनासाठी?”

“येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावी म्हणून.”

“सूर्य डोक्शावर असतानी?”

नीलकंठने पाहिलं. भर दुपारच्या उन्हात ज्वाळा धड दिसतही नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रानातली सगळी काटकी त्याने या न दिसणाऱ्या जाळात घातली होती.

बाबांनी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला. एकेक ओंडका बाजूला ओढला, वाळूत दाबला.

“बाबा, विझेल!” नीलकंठ ओरडला, पण कुजबुजीत.

बाबांनी निखारे जवळजवळ लोटले आणि दोन्ही हातांनी वर राख लोटली. ज्वाळा गेल्या. धूरही गेला. मागे राखेचा एक ढीग राहिला.

नीलकंठच्या डोळ्यांत पाणी आलं. “संपलं ना? जाऊ मी घरी?”

बाबांनी त्याचा हात धरून राखेवर ठेवला.

आधी काहीच नाही. मग खालून ऊब वर आली... सावकाश, खोलवरून.

“हाय,” बाबा म्हणाले. “सांजच्याला एक काटकी लागन.”

मग त्यांनी कोळशाचं ते ढेकूळ भिंतीच्या सावलीत ठेवलं, पानाची बाजू वर करून. खांद्यावरची घोंगडी काढली आणि लहान मुलाला घालावी तशी त्याच्यावर घातली.

नीलकंठ बघत राहिला.

“मी किती जणांना उठवलं, बाबा...”

बाबांनी कोपऱ्यातली चटई आणली. ढेकळाशेजारी, सावली संपते तिथे उन्हात अंथरली. एक सुरकुती होती, ती हाताने सारखी केली.

“निज आता,” ते म्हणाले. “इथं कोनी उठवत नाही.”