हौसाकाकींच्या घरचं आवतण

साताऱ्यात सोशल मीडियाचा जाणकार एकच, असं निदान माझ्या व्हिजिटिंग कार्डावर तरी छापलं होतं. हौसाकाकी जगदाळे त्यांच्या कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात घेऊन ऑफिसात आल्या, तेव्हा मी पोस्टखाली हॅशटॅगांची रांगच लावली: प्रेम, क्रिकेट, भारत, सूर्यास्त.

"सर, मसाल्यात सूर्यास्त कशाला?"

"काकी, तुम्हाला नाही कळायचं. सगळं जग जे शोधतं, तेच लिहायचं असतं."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर काकींचं मटणाच्या जेवणाचं आवतण आलं. त्यांचं घर मी पाहिलेलं नव्हतं. खाली पत्ता होता: भारत, घर, दार, सुख.

जाणकारानं पत्ता विचारायचा कसा? भर उन्हात गल्लोगल्ली हिंडलो. शेवटी भुकेनं अभिमान गिळला आणि फोन लावला.

"काकी, असल्या पत्त्यावर कोण पोचणार?"

"सगळं जग जे शोधतं, तेच लिवलंय की सर. आवतण असून तुम्ही पोचला नाही, मग माझं गिऱ्हाईक कसं पोचंल?"

मी रस्त्यातच उभ्या उभ्या सूर्यास्त पुसला आणि 'साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला' एवढंच ठेवलं. लगेच खरा पत्ता आला.

घर माझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत होतं.