पाटावरचा मान

लोखंडी पंखा घरची शान समजला जायचा, तेव्हाची ही गोष्ट. द्वारकाकाकूंच्या पंख्याला भारी गर्व. त्याला हात लावायचा तर घरातलं माणूस आधी लाकडी पाटावर चढायचं. "देवालाही नाही एवढा मान आहे माझा!" असं तो इस्त्रीला रोज ऐकवायचा.

एकदा काकूंचं हृदय बिघडलं आणि त्यांना इस्पितळात ठेवलं. उकाडा फार, म्हणून लेक मागोमाग पंखा घेऊन आला. वॉर्डाच्या दारातच तपासणीच्या मीटरने पंख्याला हटकलं.

"थांबा पंखेराव! घरून आलेली वस्तू तपासल्याशिवाय आत जात नाही."

"मला तपासतोस? अरे, मला शिवायला लोक पाटावर चढतात!"

मीटरने त्याच्या अंगाला तार लावली, तसा काटा थरथरला.

"कसला मान, शहाण्या! तुझ्या अंगात वीज उतरते. झटका बसू नये म्हणून चढतात ते."

"हॅ! जराशी झिणझिणी. तेवढ्याने कोण मरतं?"

"आत बघ."

पंख्याने काचेतून पाहिलं. काकूंच्या छातीला तारा लावल्या होत्या आणि पडद्यावर एक हिरवी रेघ उड्या मारत होती.

"ती त्यांच्या हृदयातली वीज," मीटर हळूच म्हणाला. "तुझ्या झिणझिणीहून कितीतरी लहान. तुझी तिथे पोचली, तर ती रेघ आडवी होईल."

पंखा बघतच राहिला. एवढ्याशा विजेवर या बाईने सहा पोरं वाढवली, अख्ख्या आळीला धाकात ठेवलं! आणि आपण नुसता वारा घालताना केवढे घरघरतो!

"मीटरदादा," तो म्हणाला, "मला बाहेरच ठेव. फक्त तोंड तिच्याकडे कर."