देवीच्या गालावरचा डाग

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजीची पणजीही परकरात होती त्याच्या कितीतरी आधी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावच्या देवीचा मुखवटा तांब्याचा होता आणि त्यावर सोन्याचा मुलामा होता. तो धुण्याचा आणि जत्रेत डोक्यावर घेऊन मिरवण्याचा मान एकाच घराकडे होता. त्या घरची सून भिवरा.

मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो, हे सासूनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. राख नाही, चिंच नाही, घासणं तर नाहीच नाही. रिठ्याचं पाणी, मऊ कापूस आणि हलका हात. भिवरा अगदी तसंच करायची.

मग तिला दिवस गेले आणि दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले. वांग, दुसरं काय! मुलगा झाला, रांगायला लागला, तरी डाग हलेनात. लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं? कुणी म्हणालं, देवी कोपली. कुणी म्हणालं, असल्या तोंडाच्या बाईनं देवीला शिवावं तरी कसं? होता होता गोष्ट पाटलांच्या कानावर गेली. जत्रेपर्यंत चेहरा स्वच्छ झाला नाही तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराला जाईल, असा त्यांचा निरोप आला.

भिवरा मग मिळेल तो उपाय करू लागली. तिनं लिंबू चोळलं, विटेची भुकटी घासली आणि तशाच सोललेल्या गालांनी भर उन्हात खळ्यावर राबली. आता तुम्हीच सांगा, अशानं डाग जातील की वाढतील? ते आणखी काळवंडले.

बाजारात एक परगावचा मलमवाला बसला होता. त्यानं तिला करवंटीच्या डबीतलं पांढरंशुभ्र मलम दिलं. जत्रेआधी चेहरा लोण्यासारखा होईल, म्हणाला. त्यात काय आहे ते तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. भिवरानं डबी मडक्यामागे लपवली आणि सासूची पाठ वळली की ती मलम चोळू लागली.

आणि खरंच, डाग फिके पडू लागले. कातडी चुरचुरायची, पण तिनं दात आवळून सोसलं. त्याच सुमारास बाळ किरकिरं झालं. दूध पिईना, नीट झोपेना. दात येत असतील, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली. बाळाला मात्र आईच्या गालाला गाल लावल्याशिवाय डोळा लागत नसे.

जत्रेच्या आदल्या दिवशी तिनं घाईघाईनं मलम लावलं, हात पदराला पुसले आणि मुखवटा धुवायला घेतला. तिची बोटं देवीच्या गालावरून फिरली. बोटांमागे सोनं पांढरं पडत गेलं. तिनं कापसानं टिपलं, पाणी ओतलं, पण डाग पुसला जाईना, उलट पसरला.

लपवायला फुलं पुष्कळ होती. पण लपवायचं तरी किती, असं मनाशी म्हणत तिनं सासूला हाक मारली आणि रडत रडत सगळं सांगितलं. सासूनं मुखवटा कापडात गुंडाळला, डबी घेतली आणि दोघी बाळासकट गावच्या म्हाताऱ्या सोनाराकडे गेल्या.

सोनारानं डाग पाहिला, डबीत डोकावला आणि डबी हातभर लांब ठेवली.

"यात पारा आहे," तो म्हणाला. "पारा सोन्यात शिरतो आणि त्याला पांढरं करतो. माणसाच्या अंगात शिरला तर विषच. हे तू कुठं लावतेस, पोरी?"

भिवरानं गालाकडे बोट दाखवलं.

"आणि हे लेकरू कुठं झोपतं?"

तिनं बाळाला झटकन गालापासून दूर धरलं. मानाचा, जत्रेचा, पाटलांचा विचार कुठल्या कुठे गेला. तिनं तिथल्याच रांजणातलं पाणी घेऊन आधी बाळाचे गाल धुतले, मग स्वतःचे. सोनारानं डबी विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरली. मुखवट्यावर नवा मुलामा चढवायला दिवस लागतील, उद्या देवी अशीच निघेल, असं त्यानं सांगितलं.

संध्याकाळी पाटील आले. त्यांनी मुखवट्याचा गाल पाहिला, भिवराचा गाल पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा कधी नव्हे ती सासू पुढे झाली.

"पाटील, देवीच्या गालावर डाग पडला म्हणून उद्याची जत्रा थांबवणार का?"

"छे, देवी ती देवीच," पाटील म्हणाले.

"मग माझी सून माझी सूनच आहे. लेकरू पोटात असताना बाईला वांग येतो. उन्हानं तो गडद होतो, घासल्यानं चिडतो. त्यात देवीचा कोप कसला? हे मी आधीच सांगायला हवं होतं."

पाटलांनी मान खाली घातली आणि आपला निरोप मागे घेतला. दुसऱ्या दिवशी भिवराच मुखवटा घेऊन निघाली. पण तिचं लक्ष जत्रेत नव्हतं, सासूच्या कडेवरच्या बाळात होतं. ते पुन्हा पोटभर दूध पिऊन शांत झोपू लागेपर्यंत तिच्या जिवात जीव आला नाही.

पुढे मुखवट्यावर नवा मुलामा चढला. भिवराही उन्हात पदर पुढे ओढून, सावली धरून चालू लागली आणि तोंड हलक्या हातानं धुऊ लागली. डाग हळूहळू फिके झाले. उन्हाळ्यात थोडे परत यायचे, आणि ती त्यांना येऊ द्यायची.

तात्पर्य: चेहऱ्यावरच्या डागाला धीरानं आणि सावलीनं सांभाळावं; तो घालवायच्या घाईत अंगाला विष लावू नये.